एसटीची मुक्कामी गाडी आणि तिच्या चालक-वाहकांचा संप

एसटीच्या साध्या लाल गाडीने मी अनेक वर्षे प्रवास करत आलो आहे आणि सेवा म्हणून तिला आजही फार वरचे स्थान देतो. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली तेव्हापासून, जिथे खाजगी वाहतूकदार फिरकत नाही अशा वाड्या-वस्त्यांपर्यंत ही गाडी जाते. मला सर्वांत आवडते ती मुक्कामी गाडी. रात्री ती शेवटच्या गावात थांबते, पहाटे बाजाराला आणि शाळेला निघालेल्यांना घेऊन तालुक्याला परतते. मधल्या वेळात चालक आणि वाहक कधी मंदिराच्या ओवरीत, तर कधी गाडीच्याच बाकांवर पाठ टेकतात.

या सेवेचे मूल्यमापन करताना त्या दोघांच्या पगाराचा विचार टाळता येत नाही. २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि जवळजवळ सहा महिने चाललेला संप केवळ पगारवाढीसाठी नव्हता, तर महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, ही त्याची मुख्य मागणी होती. गाडी कुठे न्यायची आणि कोणाला सवलत द्यायची हे शासन ठरवते, भाडेवाढीलाही सरकारी प्राधिकरणाची मंजुरी लागते. परंतु पगाराचा प्रश्न आला की महामंडळाच्या तोट्याकडे बोट दाखवले जाते. कोरोनाकाळात गाड्या उभ्या राहिल्या, उत्पन्न आटले, पगार रखडले आणि ही विसंगती कर्मचाऱ्यांच्या घरात थेट चुलीपर्यंत पोहोचली. माझ्या मते संपाचे खरे मूळ येथे आहे.

नोव्हेंबर २०२१मध्ये शासनाने मूळ वेतनात सेवाकालानुसार पाच हजार, चार हजार आणि अडीच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. ती लहान नव्हती, तरीही बहुसंख्य कर्मचारी परतले नाहीत, कारण पुढचा पगार वेळेवर होईल याची हमी त्यांना हवी होती. विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल त्रिसदस्यीय समितीने दिला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत रुजू होण्याची मुदत दिल्यावर गाड्या पूर्ववत झाल्या. त्या सहा महिन्यांत खेड्यांतील विद्यार्थ्यांचे आणि दवाखान्यासाठी तालुक्याला येणाऱ्या वृद्धांचे हाल झाले. ते मी कमी लेखत नाही.

पुढे ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट मिळाले. दोन्ही सवलती मला मनापासून योग्य वाटतात. मात्र त्यांच्या प्रतिपूर्तीची रक्कम शासनाकडून महामंडळाला वेळच्या वेळी मिळाली पाहिजे, आणि मुक्कामी गाडीच्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक मुक्कामाच्या गावी दिवा, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली खोली दिली पाहिजे.