पावसाळ्यात इंजिन: होडीतच झाकावं की उतरवून घरी आणावं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मेअखेरीस नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळेच्या किनाऱ्यावर होड्या शाकारायची घाई असते. इंजिन कुणी होडीतच ताडपत्रीखाली ठेवतं, कुणी चेन पुली लावून उतरवतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. बोलतोय ते लहान डिझेल इंजिनाबद्दल, ज्याचा पाण्याचा पंप आणि डायनॅमो बेल्टवर चालतो. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन असेल तर विचारच नको, उतरवा आणि उभं ठेवा.

होडीतच ठेवणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. कपलिंग, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट यांचा जोड, सोडलं नाही तर शाफ्टची इंजिनाशी जुळलेली लाइन जागेवर राहते. उतरवलेलं इंजिन परत बसवताना ती नव्याने जुळवावी लागते, तीही होडी पाण्यात असताना, कारण ओढून ठेवलेल्या होडीचं अंग थोडं बदलतं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन कपलिंगची फट चारी बाजूंनी बघायची, इंजिनाचे पाय म्हणजे माउंट वरखाली करायचे, पुन्हा बघायचं. मिस्त्री घाईचा निघाला तर शाफ्ट थरथरतो आणि ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या सीलमधून, पाणी येतं. शिवाय उचलायला माणसं लागतात.

बाकी तयारी दोन्हीकडे सारखीच. गोड्या पाण्यावर चालवून मीठ काढायचं, गरम असतानाच ऑइल बदलायचं, आत दव धरू नये म्हणून डिझेलची टाकी भरून ठेवायची, पंपातला रबरी पंखा म्हणजे इम्पेलर काढायचा, एक्झॉस्ट आणि हवेचं तोंड तेलकट फडक्याने बंद करायचं.

माझा कौल फिरला तो बेल्टपायी. माझ्या होडीत खालची पुली आणि फळी यांच्यामध्ये जेमतेम पंजा शिरतो. बेल्ट कसाबसा सैल करता येतो, पण पुलीची खाच पुसता येत नाही. जुलैत खाडीवरची ओल ताडपत्रीखाली कोंडते आणि त्या खाचेत गंज धरतो. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू केलं की काही दिवसांतच पंपाखाली काळी पूड साठायला लागते. ती बेल्टची. व्ही बेल्ट दोन्ही कडांनी पुली धरतो, आणि गंजलेली खाच त्या कडांना पॉलिश पेपरसारखी घासते. कडा झिजल्या की बेल्ट खाचेत खाली बसतो, तळाला टेकतो आणि घसरतो. मग पंप मंद, इंजिन गरम. ओहोटीच्या वेळी खाडीत हे झालं तर होडी गाळात रुतू शकते. ताण वाढवून हे थांबत नाही, उलट पंपाच्या बेअरिंगवर भार येतो. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रेही मी वापरत नाही.

ओट्यावर तेच काम बसल्या बसल्या होतं. बेल्ट काढायचा, साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवायचा आणि रुंद, गोल आधारावर सैल टांगायचा. खिळ्यावर नको, मोड पडते. ऊन आणि वेल्डिंगची जागाही नको. खाच तारेच्या ब्रशने घासून तेलाचा पातळ हात द्यायचा, मात्र बेल्ट चढवण्याआधी ते तेल पूर्ण पुसायचं. चढवताना स्क्रू ड्रायव्हरने रेटू नका, आतले धागे तुटतात. डायनॅमोचा बोल्ट पुरता सैल करा. लांब बाजूच्या मध्यावर अंगठा दाबला की दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे. नवा बेल्ट थोडा चालल्यावर पुन्हा बघा, तो सैल होतोच. दोन बेल्टची जोडी असेल तर दोन्ही एकदमच बदला.

तुमच्या होडीत पुलीपर्यंत दोन्ही हात जात असतील आणि लाइन जुळवणारा चांगला मिस्त्री जवळ नसेल, तर होडीतच ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. फक्त बेल्ट काढून घरी न्या आणि ताडपत्रीच्या दोन्ही टोकांना वारा खेळू द्या. जागा माझ्यासारखीच अडचणीची असेल, तर उतरवण्याचा त्रास मला तरी परवडतो. उतरवलेलं इंजिन लाकडी ओंडक्यांवर ठेवताना भार माउंटच्या पायांवर घ्या, ऑइलच्या चेंबरवर नको, आणि अधूनमधून इंजिन हाताने फिरवत राहा.