गल्लीतल्या गाड्या आवरायच्या कशा? गतिरोधक, उंच क्रॉसिंग, फुटपाथ की वाटच बंद

सांगलीत विश्रामबागेकडच्या एखाद्या कॉलनीत चार रहिवासी एकत्र बसले आणि रस्त्याचा विषय निघाला, की पाच मिनिटांत अर्ज तयार होतो: ‘कोपऱ्यावर गतिरोधक बसवून मिळावा.’ दुसरं काही मागता येतं हे बोलण्यात येतच नाही. नगरसेवकालाही हे काम परवडतं. स्वस्तात होतं, एका रात्रीत होतं आणि सकाळी लोकांना दिसतं. पायी चालणारी आजी आणि सायकलवरचा मुलगा यांना त्याचा उपयोग किती, हे मात्र कोणी विचारत नाही. तुमच्या गल्लीसाठी अर्ज करायचा असेल तर सही करण्याआधी बाकीचे पर्यायही शेजारी ठेवून बघा.

त्याआधी एक काम. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी कोपऱ्यावर अर्धा तास उभं राहा आणि गल्लीत शिरलेली गाडी कुठे जाते ते बघा. ती एखाद्या फाटकासमोर थांबली तर घरची. दुसऱ्या टोकानं बाहेर पडली तर मोठ्या रस्त्यावरची गर्दी चुकवायला आलेली. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांच्या आसपासच्या गल्ल्यांत ही दुसरी जात भरपूर सापडेल. या दोन जातींवरचे उपाय वेगळे आहेत. घरच्याच गाड्या सुसाट असतील, तर आधी आपल्याच कॉलनीत बोलावं लागेल. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट गणपतीच्या मीटिंगमध्ये सांगितली तरी बऱ्याच पोरांकडून चाव्या काढून घेतल्या जातात.

किती वेग चालेल? जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. तीसची गाडी पन्नासवर गेली की धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे गाड्या थांबवायच्या नाहीत, तीसच्या आत आणायच्या आहेत. या एकाच कसोटीवर सगळे पर्याय घासून बघू.

गतिरोधक

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तिकेत गोल गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. गाडी ताशी २५ च्या वेगानं सहज पार व्हावी, असा त्याचा हिशेब आहे. आता आपल्या गल्लीतला आठवा. रस्त्याचं काम संपल्यावर उरलेलं डांबर ओतून केलेला, जेमतेम दीड-दोन फूट रुंद आणि वर टोकदार. त्यावरून दहाच्या वेगानं गेलं तरी कंबर बोलते, आणि मोटरसायकलवाला तो ओलांडला की लगेच मूठ पिळतो. दोन गतिरोधकांमधल्या टप्प्यात वेग पुन्हा होता तेवढाच.

खरी गडबड कडेला असते. पाणी वाहून जावं म्हणून गटाराच्या बाजूला फूट-दीड फूट जागा सपाट सोडतात. दुचाकीवाले बरोबर त्याच फटीतून निघतात. चालणारा माणूस आणि सायकलवाला चालतात तेही कडेनंच! म्हणजे ज्यांच्यासाठी गतिरोधक मागितला, त्यांच्याच अंगावर गाडी आणून सोडायची सोय आपण करतो. त्यातून पांढरे पट्टे महिन्याभरात पुसले गेले, वरचा दिवा बंद पडला, की रात्री सायकलवाला स्वतःच आपटतो. बोल्ट मारून बसवलेल्या रबरी पट्ट्यांचे तुकडे निघतात आणि बोल्ट वर राहतात, ते आणखी वाईट.

म्हणून गतिरोधकच घ्यायचा ठरलं, तर अर्जात माप लिहा. ‘मानकानुसार ३.७ मीटर रुंदीचा, पट्टे व सूचना फलकासह’ एवढे शब्द घातले तरी काम बदलतं.

उंच क्रॉसिंग

यात रस्त्याची पूर्ण रुंदी एका टेबलासारखी वर घेतात. दोन्ही बाजूंना चढ, मध्ये निदान तीन मीटर सपाट माथा, त्यावर झेब्रा पट्टे. माणूस खाली उतरत नाही, गाडी वर चढते. ओलांडायची जागा आणि वेग कमी व्हायची जागा एकच होते, आणि गतिरोधकाला हेच कधी जमत नाही. शाळेचं फाटक, देवळासमोरचा कोपरा, भाजी मंडईचं तोंड अशा ठिकाणी माझं मत निःसंशय याच्या बाजूनं. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी घेऊन जाणाऱ्यालाही सरळ जाता येतं.

अडचण आहे ती पाण्याची. सांगली सपाट. श्यामरावनगरसारख्या भागात पावसाळ्यात पाणी उतरायला आधीच जागा नसते. तिथे रस्त्याला आडवा बांध घातला तर मागच्या घरांच्या पायऱ्यांपर्यंत तळं होईल, आणि पुढच्याच वर्षी तेच लोक जेसीबी लावून तो फोडायला सांगतील. उंच भाग कडेपर्यंत न्यायचा तर त्याखालून पाइप किंवा जाळीचं गटार हवंच. खर्च वाढतो तो तिथे. अंदाजपत्रकात गटाराची ओळ नसेल तर काम करून घेऊ नका.

फुटपाथ

फुटपाथ नको म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरीही सहा मीटरच्या गल्लीत तो मागू नये, असं माझं मत आहे. रोड्स काँग्रेसच्याच मार्गदर्शनात निदान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि मोकळी म्हणजे खांब, विजेची डीपी, झाड सोडून. दोन्ही बाजूंना तेवढा दिला तर मध्ये अडीच मीटरही उरत नाहीत. तसं कोणी करणार नाही. मग अडीच फुटांचा पेव्हर ब्लॉकचा पट्टा होतो, प्रत्येक फाटकासमोर उतार, त्यावर लावलेल्या ॲक्टिव्हा, तुळशीचा कट्टा आणि चेंबरचं वर आलेलं झाकण. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लोक खाली उतरून रस्त्यावरूनच चालतात. अशा गल्लीत सगळ्यांनी एकाच पातळीवर, पण सावकाश चालावं हे बरं.

शंभर फुटी रस्त्यासारख्या रुंद रस्त्याला मात्र फुटपाथ हवाच, तोही सलग. तिथे जागा नाही हे कारण चालत नाही. गॅरेजांपुढच्या गाड्यांना जागा सापडते ना? हातगाडेवाल्यांना हुसकावून हा प्रश्न सुटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांची जागा महापालिकेनं पथविक्रेता समितीच्या शिफारशीनं ठरवायची आहे. ती जागा ठरली की फुटपाथही ठरतो.

सायकल ट्रॅक

सांगलीला चढ नाहीत, कुपवाडच्या एमआयडीसीकडे अजून कामगार सायकलीनं जातात, तेव्हा ही मागणी रास्त आहे. पण ट्रॅकला निदान दोन मीटर रुंदी लागते आणि गाड्या आत येणार नाहीत अशी कड लागते. नुसता रंग मारलेला पट्टा म्हणजे फुकटचं पार्किंग. गल्लीत ट्रॅक मागूच नका. गाड्यांचा वेग उतरला की अख्खी गल्ली सायकलची होते.

वाट बंद करणं

हा पर्याय ऐकला की पहिली प्रतिक्रिया ‘मग आम्ही जायचं कुठून?’ अशी येते. रस्त्यापासून घर कोणाचंच तुटत नाही. गल्लीच्या मध्यावर काँक्रीटच्या कुंड्या किंवा खांब लावायचे. दोन्ही टोकांकडून प्रत्येकाला आपल्या घरापर्यंत गाडी नेता येते, आरपार मात्र जाता येत नाही. पायी आणि सायकलनं जाता येतं. बाहेरच्या कार-रिक्षांची वाहतूक एका दिवसात संपते, आणि पोरं पुन्हा रस्त्यावर क्रिकेट खेळायला लागतात (खिडक्यांच्या काचा हा वेगळा विषय).

उणं काय? सायकल जाईल एवढ्या फटीतून मोटरसायकलही जाते. कार आणि वडाप (शेअर) रिक्षा थांबतील, दुचाकी थांबणार नाही. म्हणून त्याच जागी उंचवटाही घ्यावा, म्हणजे दुचाकी निदान सावकाश तरी जाईल. मधला खांब कुलूप काढून पाडता येणारा हवा आणि किल्ली अग्निशमन दलाकडे हवी. घंटागाडीला उलटं मागे जायला लागू नये म्हणून बंद करायची जागा आडव्या गल्लीच्या तोंडाजवळ निवडा. आणि शेजारच्या गल्लीशी आधी बोला. तुमची वाहतूक त्यांच्या दारात गेली, तर पुढचा अर्ज तुमच्याविरुद्ध असेल.

मोठ्या रस्त्याला जोडणारी, बाहेरच्या गाड्यांनी भरलेली गल्ली असेल, तर मी पहिल्यांदा हेच मागेन. शाळा-देवळाच्या कोपऱ्याला उंच क्रॉसिंग. गतिरोधक तिसऱ्या नंबरला.

वाट बंद करण्याची परवानगी महापालिकेचा बांधकाम विभाग एकटा देऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अधिसूचना लागते, त्यामुळे वाहतूक पोलिसांचा अभिप्राय आणि जिल्हा प्रशासन दोन्ही आले. पण त्याच कलमात एक सोय आहे: निर्बंध महिनाभराच्या आतला असेल तर राजपत्रात छापावं लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं तरी चालतं. तेव्हा कायमचं मागण्याऐवजी एका महिन्याची चाचणी मागा. वाळू भरलेले ड्रम पुरतात. शाळा-कॉलेज चालू असताना करा, मे महिन्यात केलेल्या चाचणीला अर्थ नाही. अर्जाला आधीच्या अर्ध्या तासाची मोजणी जोडा, आणि शेजारच्या गल्लीतल्या निदान दोन-तीन घरांच्या सह्या.