हॅनाचा अल्कलिनिटी चेकर : कोरलवाल्यांनी घ्यावा की नाही

हॅना कंपनीचा अल्कलिनिटी चेकर म्हणजे समुद्री टँकच्या पाण्यातली अल्कलिनिटी, ढोबळमानाने त्यात विरघळलेलं कार्बोनेट, मोजणारं छोटं यंत्र. आधीच सांगून टाकते, दगडी कोरल (कठीण सांगाडा बांधणारी प्रवाळं) पाळत असाल तर घ्या. नुसते सॉफ्ट कोरल आणि दोनचार क्लाउनफिश असतील तर घाई नाही, ते पैसे नळाचं पाणी शुद्ध करणाऱ्या चांगल्या आरओडीआय फिल्टरवर घाला, जास्त उपयोग होईल.

मॉडेल एचआय ७७२. नंबर नीट बघून ऑर्डर करा कारण याची सेम दिसणारी भावंडं बरीच आहेत, ७५५ पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) आकडा दाखवतो, ७७२ डीकेएचमध्ये (अल्कलिनिटीचं दुसरं एकक), आणि ७७५ गोड्या पाण्याचा आहे, तो आपल्या काही कामाचा नाही. तुमच्याकडे आधीपासून ७५५ असेल तर नवा घेत बसू नका, येईल त्या आकड्याला १७.९ ने भागलं की झालं डीकेएच. इथे अमेरिकेत साधारण पन्नास-साठ डॉलरला मिळतो. आम्ही न्यू जर्सीत आहोत, बेसमेंटमध्ये ७५ गॅलनचा म्हणजे २८० लिटरच्या आसपासचा टँक आहे, त्यात हॅमर, टॉर्च, मॉन्टिपोरा आणि वरच्या दगडावर दोन फांद्यांचे ॲक्रोपोरा, सगळे दगडी कोरलच, तेव्हा जे लिहितेय ते अशा टँकच्या हिशेबाने वाचा.

अल्कलिनिटीच का मोजायची, कॅल्शियम का नाही, हा प्रश्न सगळे विचारतात कारण दुकानात गेलं की जो तो कॅल्शियम-कॅल्शियमच करत असतो. कोरल पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून त्याचा सांगाडा बांधतं, दोन्ही लागतात आणि ठरलेल्या प्रमाणात लागतात. आता हिशेब बघा, कोरलांनी १ डीकेएच अल्कलिनिटी खाल्ली तर तेवढ्यात कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरतं. पाण्यातल्या ४२० पीपीएममधले ७ कुठल्या घरगुती किटला दिसणारेत? पण अल्कलिनिटी ८ ची ७ झाली हे लगेच दिसतं. म्हणजे टँकमध्ये काही बिघडायला लागलं, किंवा उलट कोरल जोरात वाढायला लागलेत आणि डोसिंग (पाण्यात वरून घालायची भर) कमी पडतंय, याची पहिली खबर इथूनच येते. कॅल्शियम आठवड्याने बघितलं तरी चालतं, मॅग्नेशियम त्याहून उशिरा.

आणि आकडा किती असावा यावर लोक जे तावातावाने भांडतात त्यात मला फार अर्थ वाटत नाही. समुद्रात ६.५-७ असते, हौशी लोक ७ पासून ११ पर्यंत कुठेही ठेवतात आणि त्यांचे टँक छान चाललेले असतात. त्रास होतो तो सोमवारी ७, गुरुवारी १०, पुन्हा रविवारी ७.५ असल्या झोक्यांनी. ॲक्रोपोराला ते अजिबात खपत नाही. त्यात नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकवून ठेवलेले असतील आणि वर अल्कलिनिटी चढवली तर फांद्यांची टोकं जळतात. हे नीट बघायचं कसं तर वाढणारं टोक फिकट असतंच, पण त्यावर बारीक बारीक लव असल्यासारखे पॉलिप दिसतात, जळलेलं टोक पांढरंफट्ट आणि गुळगुळीत असतं, आणि काही दिवसांनी त्यावर हिरवट शेवाळ धरतं. एकदा शेवाळ धरलं की ते टोक गेलंच समजा, फांदी बाजूने फुटली तर फुटली.

आता मशीनबद्दल. मुठीत मावेल एवढं अंड्याच्या आकाराचं यंत्र आहे, एकच बटन, एक बारकी ट्रिपल ए बॅटरी. क्युवेटमध्ये (छोट्या काचेच्या बाटलीत) १० मिली टँकचं पाणी घ्यायचं, बटन दाबायचं, क्युवेट आत ठेवून पुन्हा दाबायचं, मग स्क्रीनवर सी-टू आलं की बाहेर काढून १ मिली रिएजंट (रंग बदलणारं रसायन) घालायचं. पिवळं रिएजंट पाण्यात पडलं की रंग हिरवट-निळा होतो, अल्कलिनिटी जितकी जास्त तितका निळा, आणि क्युवेट पुन्हा आत ठेवली की मशीन आतल्या दिव्याने तो रंग मोजून आकडा देतं. सगळं मिळून दोन मिनिटं. आकडा लगेच लिहून ठेवा कारण मशीन थोड्या वेळाने आपलं आपण बंद होतं.

खरी गंमत या दोन मिनिटांतल्या हाताच्या सफाईत आहे. सिरिंजच्या टोकाशी हवेचा फुगा राहिला तर रिएजंट कमी पडतं आणि आकडा चुकतो, तेव्हा जरा जास्त ओढून फुगा बाहेर काढायचा आणि मग १ च्या रेघेवर आणायचं. रिएजंट घातल्यावर झाकण लावून क्युवेट चारपाच वेळा हळू उलटसुलट करायची, ताक घुसळल्यासारखी हलवली की बुडबुडे होतात, ते काचेला चिकटतात आणि मशीनला वाटतं रंगच गडद आहे. बोटांचे ठसे मायक्रोफायबरने पुसायचे, टिश्यूने नाही. आणि क्युवेट दोन्ही वेळा एकाच दिशेने आत ठेवायची, मी झाकणाजवळ काचेवर मार्करने बारीकशी खूण करून ठेवलीये.

आता जे बॉक्सवर मोठ्या अक्षरात नसतं ते. कंपनीच्याच स्पेसिफिकेशनमध्ये अचूकता अधिक-उणे ०.३ आणि वर रीडिंगच्या ५ टक्के अशी दिलीये. ८.० आला तर ०.३ अधिक ०.४, म्हणजे खरा आकडा ७.३ पासून ८.७ पर्यंत कुठेही असू शकतो. स्क्रीनवर ८.० असा दशांशासकट आकडा दिसला की माणूस त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि काल ८.२ होता आज ७.९ झाला म्हणून डोसिंग वाढवायला धावतो. असं करू नका. ०.३ चा फरक म्हणजे काहीच नाही. चारपाच दिवस सलग एकाच बाजूला सरकत असेल तर हात लावा. आणि मोजायचं रोज एकाच वेळी, कारण दिवे चालू असताना कोरल जास्त खातात, डोसिंग पंप त्याच्या वेळेला टाकतो, त्यामुळे सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा यांची तुलना करण्यात हशील नाही. मी दिवे लागायच्या आधी घेते, चहा उकळेपर्यंत होऊन जातं.

मग साध्या थेंबवाल्या किटपेक्षा हे बरं का? माझ्या मते हो, पण अचूक आहे म्हणून नाही. सॅलिफर्ट कंपनीचं असलं किट याच्यापेक्षा बरंच स्वस्त आहे आणि नीट केलं तर उत्तम चालतं. पण त्यात रिएजंट थेंब थेंब घालत हिरवट-निळ्याचा गुलाबी-केशरी कधी झाला हे डोळ्यांनी ठरवायचं असतं, आणि आमच्याकडे नवऱ्याचा गुलाबी आणि माझा गुलाबी कधी जुळला नाही. त्यातून कोरल टँकचे दिवे निळे, त्या उजेडात तर सगळंच जांभळं. मशीनचा आकडा चुकला तरी तो दोघांसाठी सारखाच चुकतो. रोज मोजायचं असेल तर हेच महत्त्वाचं, कंटाळा येत नाही म्हणून मोजणं होतं.

खर्च मशीनचा नाही, रिएजंटचा आहे. एका बाटलीत २५ टेस्ट. रोज केल्या तर महिनासुद्धा जात नाही. बाटलीवर एक्स्पायरी असते ती आधी बघा, आमच्या इथल्या एका दुकानाने (नाव नको) सेल म्हणून दोन बाटल्या गळ्यात मारल्या आणि घरी येऊन बघते तर एकीची तारीख त्याच महिन्याची, परत करायला गेले तर सेलचा माल परत घेत नाही म्हणे. आणखी एक, नवीन बाटली फोडली की पहिल्या दिवशी जुन्या-नव्या दोन्हींनी टेस्ट घ्या. फरक आलाच तर तो बाटलीचा आहे, टँकचा नाही, हे लक्षात राहतं. मशीनचाच संशय आला तर तपासायला स्टँडर्डचा (आकडा आधीच ठरलेल्या नमुन्यांचा) सेट वेगळा विकत मिळतो, पण तो प्रत्येकाने घ्यावाच असं काही नाही.

आकडा कमी आला तर करायचं काय, तर महागडी बाटली घ्यायलाच पाहिजे असं नाही. साधा खायचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नव्हे हां, सोडाच. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला साधारण ३ ग्रॅम. आरओडीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू ओतायचा, आणि दिवसात एक-सव्वा डीकेएचच्या वर चढवायची नाही, घसरलेला आकडा दोनतीन दिवसांत वर आणला तरी काही बिघडत नाही. पाणी बदलतानाही लक्ष ठेवा, काही सॉल्टमध्ये (पाण्यात मिसळायच्या समुद्री मिठात) ताज्या पाण्याची अल्कलिनिटी ८ असते आणि काहींमध्ये ११-१२, टँक ८ वर ठेवायचा आणि ३० टक्के पाणी १२ चं घालायचं म्हणजे एका झटक्यात सव्वा डीकेएचची उडी.

पुण्याहून धाकटे दीर विचारत होते की भारतात येताना माझ्यासाठी एक आणाल का. त्यांना सांगितलं, भाऊजी, तिकडे दगडी कोरल घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, सगळे दगडी कोरल आणि पंख्यासारखे सी फॅनसुद्धा पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या रांगेत. दुकानदार मागच्या खोलीत नेऊन दाखवतो म्हणून घ्यायचे नाहीत. मालवणला पाण्यात उतरून बघा ना. त्यांच्याकडे मशरूम आणि झोअँथिड हे सॉफ्ट कोरल आहेत, सांगाडाच बांधत नाहीत म्हटल्यावर ते अल्कलिनिटी खाणार तरी किती, पंधरा दिवसांतून एकदा थेंबवाल्या किटने बघितलं तरी पुरे. वर रिएजंटची बाटली दर वेळी बाहेरून मागवायची म्हणजे चेकरपेक्षा कुरियर महाग.

आपोआप टेस्ट करणारी मोठी मशिनं पण निघालीत, शेकडो डॉलरची, ज्यांच्या टँकमध्ये हजारोंचे ॲक्रोपोरा आहेत त्यांनी खुशाल घ्यावीत. आमच्यासारख्यांना हे अंडं पुरेसं आहे.

सेकंडहँड मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, लोक टँक मोडतात तेव्हा अर्ध्या किमतीत विकतात. क्युवेट उजेडात धरून चरे आहेत का बघा, असले तर तेवढे पैसे कमी करून घ्या आणि नवीन क्युवेट मागवा, त्या सुट्या मिळतात.