‘महिनाभर पाणी नको’ म्हणणाऱ्या दाण्यांपासून जपा

ऊन तापायला लागलं की बाग असणाऱ्यांच्या मोबाईलवर एक जाहिरात हमखास येते. पांढरे, साखरेएवढे दाणे आणि खाली ओळ, ‘मातीत मिसळा, महिनाभर पाणी विसरा.’ हे दाणे मी घेतले आणि ऐन उन्हाच्या कडाक्यात माझ्या निम्म्या कुंड्यांची त्यांनी वाट लावली. यंदा तेच व्हिडिओ पुन्हा फिरताना दिसतायत, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक आधीच सांगते, पाणी धरून ठेवणारा जेल ही थाप नाही. रोपवाटिकांमध्ये, शेतीत तो खरोखर वापरतात. तो बहुधा पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाचा असतो. शुद्ध पाण्यात तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पितो आणि मुळांना हळूहळू देतो. खऱ्या मालाच्या आडोशाने खोटा माल खपतो, म्हणून तर ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

विक्रेता व्हिडिओ कॉलवर आला. बोलणं एकदम गोड. “ताई, तुमच्यासमोर करून दाखवतो.” काचेच्या ग्लासात चमचाभर दाणे टाकले, वरून बाटलीतलं पाणी ओतलं. बघता बघता जेली काठापर्यंत आली. त्याने ग्लास उलटा केला, एक थेंब पडला नाही. प्रमाण विचारलं तर म्हणाला, “कुंडीला मूठभर. जास्त पडलं तरी काही होत नाही.” पाकिटावर हिरवंगार झाड होतं, आत कुठला पदार्थ आहे ते मात्र कुठेच नव्हतं. बिल नंतर पाठवतो म्हणाला. ते अजून यायचंय.

ग्लासातली चलाखी पुढे कळली. पाण्यात क्षार नसले की हे दाणे वाट्टेल तेवढे फुगतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र जेलमधल्या रेणूंच्या साखळ्या आवळून धरतं. मी दोन ग्लास शेजारी ठेवले. एकात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात बोअरचं, दाणे दोन्हींत सारखेच. पहिला गच्च भरला. दुसऱ्यात तळाशी थोडा लगदा आणि वर पाणी जसंच्या तसं. मग पहिल्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर ती घट्ट जेली डोळ्यांदेखत पातळ व्हायला लागली. ग्लासात दाण्यांवर मातीचं ओझंही नसतं. कुंडीत ते असतं, त्यामुळे तिथे फुगणं आणखी कमी.

कमी म्हटलं तरी मूठभर दाणे म्हणजे फारच झाले. खऱ्या जेलचं प्रमाण लिटरभर मातीला एखाद-दोन ग्रॅम असतं. माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत पाणी घातल्यावर माती वर उचलली गेली, खोडाशी जेलीचे बुळबुळीत गोळे आले आणि मुळं उघडी पडली. पाठोपाठ पानं टोकाकडून आणि कडेने करपायला लागली. “उन्हाने होतंय, अजून एक पाकीट टाका,” असं उत्तर मिळालं. उन्हाचे चट्टे पानाच्या उन्हाकडच्या अंगावर पडतात. इथे खालची, सावलीतली पानंसुद्धा कडेने तपकिरी झाली होती, आणि ही क्षार वाढल्याची खूण. डायपरमध्ये असतो तो सोडियमचा जेल. पाणी तोही पितो, पण मातीत सोडियम सोडतो. माझ्या कुंडीत लक्षणं सगळी तीच होती, म्हणजे पाकिटात बहुधा हाच जेल होता.

यावर उपाय म्हणजे वरची जेली काढून टाकायची आणि कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहीपर्यंत माती धुवायची. पाणी वाचवायला घेतलेल्या पावडरीपायी टंचाईत बादल्याच्या बादल्या ओतल्या! पैसे परत मागितले तेव्हा आधी “तुमचं पाणीच खराब” म्हणाला, मग नंबर ब्लॉक.

जी झाडं वाचली ती साध्या उपायांनी. मातीवर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर, खोडाला न चिकटवता. पाणी पहाटे, आणि तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज शिंतोडे मारले तर मुळं वरच्या तापलेल्या थरातच राहतात. माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर पाणी त्या फटीतून सरळ निघून जातं, अशी कुंडी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवायची. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या फार तापतात, त्या मोठ्या कुंडीत ठेवल्या की मुळांना आराम पडतो. दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच घाबरायचं नाही, संध्याकाळी ती सावरली तर झाड ठीक आहे. आणि या दिवसांत रासायनिक खत अजिबात नको.

जेल घ्यायचाच असेल तर पाकिटावर घटकाचं नाव, माती-लिटरमागे ग्रॅममध्ये प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता असल्याशिवाय घेऊ नका. डेमो बघायचा तर तुमच्या नळाच्या पाण्यात करायला सांगा. माझ्याकडचं पाकीट, पैसे भरल्याची नोंद आणि चॅट मी ठेवलंय आणि ज्या ॲपवर ही जाहिरात आली तिथे तक्रार टाकलीय. असे दाणे तुम्हीही घेतले असतील तर पाकीट फेकू नका, तुमचीही तक्रार टाका.