फळ्यावरची सिम्प्लेक्स पद्धत की एक्सेलमधील सॉल्व्हर?

नागपुरातील बीबीएच्या वर्गात लिनियर प्रोग्रॅमिंग (दिलेल्या मर्यादांत खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त करण्याचे गणित) शिकवताना जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ मधील सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे एकामागून एक कोष्टके भरत सर्वोत्तम उत्तरापर्यंत जाण्याची रीत, हाताने करवून घ्यावी की हे उत्तर आपोआप काढून देणारा एक्सेलमधील सॉल्व्हर वापरावा, असा प्रश्न पडतो. हाताने कोष्टके भरणाऱ्याचा बहुतेक वेळ अपूर्णांकांच्या आकडेमोडीत जातो. सॉल्व्हर वापरणारा मात्र कळमना बाजारातील संत्री तीन शहरांना कमीत कमी वाहतूक खर्चात कशी पाठवावीत, याची मांडणी स्वतः करतो, मर्यादा समीकरणांत उतरवतो आणि मागणी वाढल्यास खर्च कितीने बदलेल हेही तपासतो. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला हेच कौशल्य अधिक हवे, असे माझे ठाम मत आहे. तरीही दोन चलांचे एक उदाहरण आलेखावर सोडवल्याखेरीज संगणक उघडू नये, कारण एखादी मर्यादा लिहायची राहिली तरी सॉल्व्हर उत्तर देऊ शकतो.