यंदा शंकरपटाला 'भाऊ' बोलवायचा असेल तर

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळी गावात नाटक ठेवायचं म्हणून वडशाला, झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या गावी, नाटक ठरवायला गेलेलं मंडळ तीन गोष्टी हमखास विचारतं. लावण्या किती, विनोदी कोण, आगाऊ किती. 'भाऊ' हे नाटक घेणार असाल तर चौथंही विचारा : नकाशाचा पडदा दुरुस्त केला का? नाटक घेण्याजोगं आहे आणि त्याचा दुसरा अंक तर गावोगावी व्हायला हवा. पण काही दोष मंडळानेच आधी बोलून काढून घेतले पाहिजेत.

कथानक कल्पित आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने नागपूर राजधानी धरून वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. नाटकात ती शिफारस मान्य होते, राज्य होतं, आणि धानाच्या बाजारातला एक मापारी त्या राज्याचा मुख्यमंत्री होतो. त्याला नाव दिलेलं नाही, सगळे भाऊच म्हणतात.

पहिला अंक मापाचा. किलो अजून आलेला नाही, धान कुडो या लाकडी मापाने आणि त्याहून मोठ्या खंडीने मोजलं जातं. सावकार धान घेताना कुडोवर शीग, म्हणजे काठाच्या वर रास, चढवतो, बियाण्याला देताना हाताने सपाट करून देतो. वर मोजणारा 'लाभ, दोन, तीन' म्हणत (एकाला 'लाभ' म्हणायचं) एखादा आकडा दोनदा घेतो. भाऊ भर बाजारात कुडो उपडा करतो, शिगेचं धान वेगळं काढतो आणि खंडीमागे किती गेलं ते शेतकऱ्याच्या पदरात ओतून दाखवतो. हा प्रवेश बिनसंवादाचा आहे आणि सगळी जादू त्या धानाच्या आवाजात आहे. म्हणून कुडो लाकडीच हवा. पत्र्याचा डबा आणला तर तो वरच्या टांगत्या माईकमध्ये खणखणतो आणि मागच्यांना वाटतं डबा पडला. धानही खरं लागतं, भुसा भरला तर हातातून पडताना तो आवाज येत नाही. कंपनी धान आणत नाही, ते गावानेच द्यायचं. एक पोतं पुरतं.

दुसरा अंक मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाण्याच्या जुन्या हक्कावरून शेतकरी आणि सरकार यांच्यात ओढाताण सुरू झाली. भाऊ पहिली निवडणूक त्यावरच जिंकतो. "पानी देवाचा, पट्टी कायची?" एवढं एकच वाक्य तो चार सभांत चार तऱ्हांनी म्हणतो : गाऱ्हाण्यासारखं, आरतीसारखं, धमकीसारखं आणि शेवटी नुसतं अर्धं, कारण उरलेलं अर्धं लोकच म्हणतात. लोकप्रिय पुढारी घडतो कसा हे इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. लिहिणाऱ्याची खरी हुशारी पुढच्या प्रवेशात आहे. पट्टी माफ होते, लोक गुलाल उधळतात, आणि चावडीवर एक म्हातारा पाणीवाटप करणारा हिशेब मांडतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती कोण टाकणार, सांडव्याचा दगड कोण बसवणार, गाळ कोण काढणार आणि पाट राखणाऱ्याला वर्षाचं धान कोण देणार? पट्टीच्या पैशातून हेच होत होतं. तीन पावसाळे पाळीला कोणी हात लावत नाही. चौथ्यात ती फुटते. दोष भाऊच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलेला नाही, टाळ्या वाजवणारे हातही दिसतात.

पाळ फुटण्याचा आवाज हा नाटकाचा कळस, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. त्या क्षणी सगळे लाईट एकदम लागतात आणि बॉक्सवर पाण्याचा गडगडाट सुटतो. दोन्ही गावच्या एकाच लाईनवर घेतले की दाब पडतो, अँप्लिफायर बंद होतो आणि पाळ मुक्यानेच फुटते. लाईट आणि साउंड वेगळ्या जनरेटरवर घ्या, निदान साउंड तरी. कंपनीच्या करारात एकच धरलेला असतो. दुसऱ्याचं भाडं कोणाकडे ते कागदावर लिहून घ्या, तोंडी बोलणीवर राहू नका.

तिसऱ्या अंकात धानाला बोनस जाहीर होतो आणि व्यापारी शेतकऱ्यांचे सातबारे गोळा करून स्वतःचं धान त्यांच्या नावावर चढवतात. प्रवेश चांगला आहे, पण मध्ये दोन लावण्या घुसवल्याने धागा तुटतो. एक कमी करायला सांगा, कंपनी ऐकते. बोनसचा पैसा वऱ्हाडातल्या कापसाच्या करातून येतो, म्हणून अकोल्याचा शेतकरी उभा राहून म्हणतो, "बोनस त्यायले, आन कर आमाले?" राज्य झालं असतं तरी धानपट्टी आणि कापूसपट्टी यांच्यातला हा सवाल उभा राहिलाच असता, आणि लेखकाने तो टाळला नाही याचं कौतुक वाटतं. मात्र नटाची वऱ्हाडी कच्ची आहे. मधूनच तो नागपुरीवर घसरतो आणि पूर्वेकडच्या प्रेक्षकालाही ते कळतं.

चौथ्या अंकात चूक मोठी आहे. भाऊ रागाच्या भरात मलकापूरला मुंबईकडे जाणारी कापसाची मालगाडी अडवतो. रेल्वे केंद्राच्या यादीतला विषय आहे, आणि राज्याराज्यांतला व्यापार घटनेच्या ३०१ व्या कलमाने मोकळा ठेवला आहे. मुख्यमंत्र्याला गाडी अडवता येणार नाही. जिनिंगला परवाने नाकारणं, बाजारात खरेदी बंद पाडणं हे त्याच्या हातात होतं आणि रंगमंचावर ते जास्त भेदक दिसलं असतं. संहितेत बदल म्हणजे पुन्हा परिनिरीक्षण, म्हणजे सेन्सॉरची तपासणी, तेव्हा तो बदल यंदा होणार नाही. पण पुढच्या हंगामासाठी सांगून ठेवा.

आता तो पडदा. मागे विदर्भाचा नकाशा रंगवलाय आणि त्यात ११ जिल्हे आहेत. आयोगाच्या विदर्भात आठच होते : बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. गडचिरोली चांद्यातून १९८२ मध्ये निघाला, वाशीम अकोल्यातून १९९८ मध्ये, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये. गडचिरोलीच्या मंडळाला आपला जिल्हा पडद्यावर हवासा वाटेल हे समजतं, पण १९५७ च्या निवडणुकीमागे तो दिसला की शाळकरी पोरंही बोट दाखवतात. तीन रेषा पुसायला रंगाऱ्याला एक दुपार पुरे.

कागदपत्रांत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि ठाण्यात अर्जाला जोडा. विषय राजकीय आहे, विचारणा होतेच. आचारसंहिता लागली असेल तर भाऊच्या पक्षाचं कुडोचं चिन्ह कोणा स्थानिक उमेदवाराच्या चिन्हासारखं दिसतं का ते पाहा. उघड्यावर कर्ण्याला रात्री १० नंतर बंदी असते आणि सणासुदीची सवलत धरली तरी १२ पर्यंतच, तेव्हा आवाजाचं काय ते लेखी घ्या.

बसायची जागा नेहमीसारखी खोल खणा. कुडोचा प्रवेश जमिनीवर बसून होतो, उतार कमी पडला तर खुर्चीवाल्यांच्या मागे काही दिसत नाही.

शेवटचा प्रवेश कोरड्या तलावाच्या पाळीवर, पहाटेच्या निळ्या उजेडात आहे. भाऊ रिकामा कुडो घेऊन बसतो आणि "लाभ" म्हणून थांबतो, पुढचा आकडा येत नाही. हे अंधारातच झालं पाहिजे. दिवस उगवला की निळा लाईट फिका पडतो, लोक चपला शोधायला लागतात आणि तो थांबलेला आकडा कोणाला ऐकू जात नाही. उशीर बहुतेक वेळा नाटकामुळे होत नाही, आधीच्या सत्कारांमुळे होतो. शाल-श्रीफळ साडेनऊच्या आत उरका, आणि राहिलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी पटाच्या दाणीवर, बैल धावतात तिथे, बोलवा.