गुरुवारचा स्वच्छ रिपोर्ट

माझ्यासमोर दोन कागद आहेत, दोन्हींवर एकाच शुक्रवारची तारीख. पहिला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा: पहाटे २.४० ला दाखल, छातीत दुखणं, दिवसभर निरीक्षणाखाली, संध्याकाळी घरी. दुसरा व्यसनमुक्ती केंद्राच्या फाइलमधला: ‘सकाळी ११ ते ११.५०, वैयक्तिक समुपदेशन. रुग्ण उत्साही. सहकार्य चांगलं. प्रगती समाधानकारक.’

त्या दिवशी सकाळी ११ वाजता माझा धाकटा भाऊ छातीला वायरी चिकटवलेल्या अवस्थेत पडून होता, आणि मी त्याचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरच्या बाकावर बसले होते. तो उत्साही वगैरे काही नव्हता.

मी हिशेब तपासनीस आहे. लोकांच्या कागदांतली खोट शोधून काढायची, यावर माझं पोट चालतं. तरी घरात येणारा कागद मी सात आठवडे नुसता वाचला आणि खूश झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

सुरुवात झाली ती रात्री फोनवर शोधाशोध करताना. तो कोकेन घेतो हे कळून जेमतेम चार दिवस झाले होते. शोधात सगळ्यात वर एक हेल्पलाइन आली. ‘मोफत, निःपक्ष मार्गदर्शन, आम्ही कुठल्याही केंद्राशी बांधील नाही.’ फोन उचलणारा माणूस इतका मृदू बोलला की मला रडू आलं. ‘मॅडम, तुम्ही एकट्या नाही आहात,’ म्हणाला. मग विचारलं, विमा आहे का, खर्च कोण करणार, निर्णय घरात कोण घेतं. भाऊ ते नाकाने ओढतो की जाळून धूर घेतो, किती वर्षं, सोबत दारू असते का, कधी जीव द्यायचं बोललाय का, यातलं एकही त्याने विचारलं नाही. तेव्हा मला ते खटकलं नाही. विचारायला हवं असतं हेच माहीत नव्हतं.

तो माणूस दलाल होता. माणूस पाठवला की केंद्राकडून त्याचा वाटा ठरलेला. हे मला खूप नंतर, केंद्रातून काम सोडून गेलेल्या एका मुलीने सांगितलं. या धंद्याची व्याप्ती इतकी की अमेरिकेत २०१८ साली व्यसन-उपचारातल्या अशा दलालीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आम्ही मात्र त्याला देवमाणूस समजून दोनदा आभाराचे मेसेज पाठवले.

त्याने सुचवलेल्या केंद्रात आम्ही दिवसभराचा कार्यक्रम घेतला, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. आत राहण्याऐवजी तो निवडला ही चूक नव्हती, एवढं आधीच सांगते, कारण नातेवाइकांनी नंतर तेच ऐकवलं: ‘आत ठेवायला हवं होतं.’ दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, माणूस दगावू शकतो, तिथे अनेकदा दवाखान्यात राहणं लागतं. कोकेन सुटताना शरीराचं सहसा असं होत नाही. माणूस झोपून काढतो, भूक खवळते, कशातच राम वाटत नाही. धोका असतो तो त्या काळोख्या मनाचा. आत्महत्येचे विचार येऊ शकतात, त्यावर लक्ष लागतं. हे सांभाळलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याचा उपचार अनेकांना चालतो. भावाची नोकरीही टिकवायची होती, त्यांनी अर्ध्या पगाराची रजा दिली होती. आमचा विचार बरोबर होता. आम्ही विकत घेतलेली वस्तू खोटी होती.

केंद्रात पहिल्या भेटीतच यशाचा आकडा ऐकला, ९५ टक्के. २१ दिवसांत मेंदू ‘रीसेट’. आणि एक डिटॉक्स ड्रिप, आठवड्याला दोन, वेगळे पैसे. नंतर मी त्या ड्रिपचं बिल एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. सलाइन आणि जीवनसत्त्वं, एवढंच होतं त्यात. कोकेनचं व्यसन सोडवणारं म्हणून मान्यता मिळालेलं औषध आजवर जगात नाही. दारूसाठी आहे, अफूच्या जातीच्या पदार्थांसाठी आहे, यासाठी नाही. हे एक वाक्य मला त्या दिवशी माहीत असतं, तर ड्रिपचा शब्द ऐकून मी पर्स उचलली असती. आणि २१ दिवस! या क्षेत्रात तीन महिन्यांहून कमी उपचार सहसा पुरत नाहीत असंच मानतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात कोकेनची लाट आली तेव्हा लॉस एंजेलिसकडे याच लोकांसाठी घरी राहून घेण्याचा जो कार्यक्रम आखला गेला, तो १६ आठवड्यांचा होता.

तीन महिन्यांचे पैसे आज भरले तर सवलत, उद्या नाही. भरले. माझ्याकडे कुणी अशी अट घेऊन आलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं, पण घाबरलेल्या माणसाला ‘आज’ हा शब्द आधारासारखा वाटतो.

आता गुरुवारबद्दल.

दर गुरुवारी सकाळी लघवीची तपासणी व्हायची. दुपारी साधारण १ वाजता माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायचा: टेबलावर ठेवलेला प्लास्टिकचा कप, त्याच्या अंगावरची पट्टी, आणि पट्टीवर दोन गुलाबी रेघा. या कपांवर दोन रेघा म्हणजे पदार्थ सापडला नाही, एक रेघ म्हणजे सापडला. गरोदरपणाच्या चाचणीच्या नेमकं उलटं, त्यामुळे पहिल्या गुरुवारी मी हादरलेच होते. मग सवय झाली. ऑफिसात १ वाजत आला की हात आपोआप फोनकडे जायचा. दोन रेघा दिसल्या की मी आईला फोटो पुढे पाठवायचे, आई मावशीला. सलग सात गुरुवार दोन रेघा.

कोकेनचा शरीरात जो अवशेष बनतो, बेन्झॉइलेकगोनिन नावाचा, तो लघवीत साधारण २ ते ४ दिवस सापडतो. रोज भरपूर घेणाऱ्यांत जास्त दिवस. मग आठवड्यातून एकदाच, तीही ठरलेल्या दिवशी, तपासणी करून काय कळणार? गुरुवारी कप भरून दिला की रात्र मोकळी. पुढच्या गुरुवारपर्यंत सगळं धुऊन निघालेलं. भाऊ नंतर म्हणाला, ‘ताई, तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारची रात्र म्हणजे आमची सुट्टी.’ कर्मचाऱ्यांनाही ठाऊक होतं का? मी त्याला विचारलं. तो हसला फक्त.

सातव्या गुरुवारी रात्री त्याने घेतलं, दारूसोबत. ही जोडी आणखी वाईट, दोन्ही मिळून यकृतात कोकाएथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो आणि हृदयावरचा ताण वाढतो. पहाटे दोनला तो माझ्या दाराशी उभा होता. डाव्या हाताने छाती धरलेली, कपाळ ओलं.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टर तरुण होत्या. इतक्या कमी वयात छातीत दुखतंय म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, ‘काही घेतलंय का? कोकेन वगैरे?’

मी म्हणाले, ‘नाही. आजच तपासणी झालीये.’ आणि फोन काढून त्यांना दोन गुलाबी रेघा दाखवल्या.

हे मी केलं. माझ्या भावाचं हृदय तपासणाऱ्या डॉक्टरांना मी छातीठोकपणे खोटं सांगितलं, आणि पुरावाही दिला. त्या लिहू लागल्या. तेवढ्यात डोळे न उघडता तो म्हणाला, ‘ताई, घेतलंय. रात्रीच.’ डॉक्टरांनी लिहिलेल्यातली एक ओळ खोडली आणि नर्सला वेगळं काही आणायला सांगितलं. नंतर त्यांनी समजावलं. छातीदुखीत एरवी वापरतात ती बीटा-ब्लॉकर गटातली औषधं कोकेन ताजं असताना टाळतात, कारण आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जाण्याची भीती असते. कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पटींनी वाढल्याचं १९९९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. सुदैवाने झटका नव्हता.

पैसे गेले त्याचं मी एकवेळ सोडून देईन. त्या खोडलेल्या ओळीचं सोडत नाही.

त्या पाच मिनिटांत डॉक्टरांनी जे चार प्रश्न विचारले, ते सात आठवड्यांत केंद्रात कुणी विचारले नव्हते. तिथं चाललं काय होतं, हे पुढच्या रविवारी मी भावासोबत बसून तासातासाने लिहून काढलं. हिशेबाचं काम, ते मला येतं. वेळापत्रकावर आठवड्याला ३० तास. तेवढे खरे असतील तर तो जवळजवळ दवाखान्यात दाखल होण्याइतका सघन उपचार. अमेरिकेतल्या वर्गवारीत अशा उपचाराला आठवड्याला किमान २० तास लागतात, आणि त्याखालच्या पायरीलाही ९. प्रत्यक्षात जमेस धरता येईल असं निघालं साडेचार तास. बाकी वेळ एका हॉलमध्ये टीव्हीवर प्रेरणादायी भाषणं. दारूवाले, गांजावाले, कोकेनवाले सगळे एकत्र, सगळ्यांना एकच छापील वही. पाटीवर नाव असलेले मानसोपचारतज्ज्ञ पंधरा दिवसांतून एकदा सह्यांपुरते. समुपदेशक म्हणून जो होता तो आठ महिन्यांपूर्वी तिथलाच रुग्ण. स्वतः त्यातून गेलेला माणूस सोबत असणं फार मोलाचं, भावाला त्या पोरानेच धीर दिला. पण त्याच्यावर चाळीस जणांचं ‘वैयक्तिक समुपदेशन’ टाकलं होतं आणि नोंदी महिन्याच्या शेवटी एकदम लिहायला लावत होते. म्हणून तो शुक्रवार उत्साही निघाला.

फाइलची प्रत मागितली तर आधी ‘गोपनीय आहे’ म्हणाले. गंमत बघा, सात आठवडे त्याच्या तपासणीचे फोटो माझ्या फोनवर, तिथून मावशीपर्यंत जात होते, तेव्हा गोपनीयता नव्हती. भाऊ स्वतः जाऊन बसला, लेखी अर्ज दिला, तेव्हा मिळाली. मी दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. उरलेल्या आठवड्यांचे पैसे परत देतो म्हणाले, फक्त ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून द्या. दिलं नाही. पैसे आलेले नाहीत. तक्रार दाखल आहे.

दुसरं ठिकाण शोधताना मी एकच प्रश्न धरून बसले: तुमच्याकडे येत असताना माणूस पुन्हा घसरला तर तुम्ही काय करता? एकाने सांगितलं, ‘आमच्याकडे घसरत नाहीत.’ फोन ठेवला. दुसऱ्याने, ‘दोन संधी, मग काढून टाकतो.’ म्हणजे आजार दिसला की रुग्णालाच बाहेर. तिसरीकडे बाईंनी उलट मलाच विचारलं, ‘घसरला हे तुम्हाला कळेल कसं?’ मग म्हणाल्या, त्या दिवशी जास्त वेळ बसतो, काय घडलं ते उलगडतो, पुढच्या आठवड्याची आखणी बदलतो. आणि वारंवार झालं, किंवा घरी एकटं राहणं धोक्याचं वाटलं, तर निवासी उपचार लागेल हेही सांगतो. तिथं गेलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर बसवलं आणि त्याच्याशी तासभर एकट्याने बोलल्या. ईसीजी मागितला. पैसे आठवड्याचे आठवड्याला. तपासणी आठवड्यातून तीनदा, आणि स्वच्छ निघाली की त्याच क्षणी हातात एक लहानसं कूपन, सलग स्वच्छ निघत गेली तर कूपनाची किंमत वाढत जाते. मला आधी हे पोरखेळ वाटलं, चांगल्या वागणुकीचा खाऊ. पण कोकेनसाठी सगळ्यात भक्कम पुरावा या पद्धतीलाच आहे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. जे औषधाने साधलेलं नाही ते काही प्रमाणात याने साधतं. त्यामागचा तर्कही साधा: कोकेन मेंदूला बक्षीस तत्काळ देतं, तेव्हा न घेण्याचं बक्षीसही उद्यावर टाकून चालत नाही. पहिल्या केंद्राकडे कप तेच होते. ते त्यांनी त्याच्यासाठी न वापरता माझ्यासाठी वापरले.

इथे रिपोर्ट मला येत नाही. पहिल्या आठवड्यात १ वाजला की माझा हात फोनकडे जायचा आणि तिथं काही नसायचं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘त्याने परवानगी दिली तर आणि तेवढंच.’ मला राग आला होता.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी तो संध्याकाळी आला, बूट न काढता थेट माझ्या टेबलापाशी. खिशातून चार घड्या केलेला कागद काढला आणि माझ्या हिशेबाच्या वहीवर ठेवला.

‘पॉझिटिव्ह आलंय,’ म्हणाला. ‘मीच दाखवतो म्हणून सांगून आलोय त्यांना.’